उजेडाला टोपी

शेजाऱ्याने आपल्या दारात कचरा टाकला तर भांडता येतं. त्याच्या आंब्याची पानं आपल्या अंगणात पडली तर भांडता येतं, आणि आंबे पडले तर गप्प बसता येतं. पण त्याचा उजेड आपल्या अंथरुणावर येऊन पडला तर काय करावं, हे आमच्या वाडवडिलांनी सांगून ठेवलेलं नाही. त्यांना उजेड पुरतच नव्हता!

शेजारच्या काकूंनी दिवाळीत गच्चीवर पन्नास वॅटचा एलईडी फोकस बसवला आणि माझ्या खोलीत रात्र व्हायची बंद झाली. रात्री दोन वाजता भिंतीवरच्या कॅलेंडरातली चंद्रोदयाची वेळ चष्म्याशिवाय वाचता येऊ लागली. चंद्र तेवढा शोधावा लागे.

तक्रार करायची, पण कोणत्या तोंडाने? आपल्याकडे ज्ञान म्हणजे उजेड, देवापुढे उजेड, आणि अंधारात फक्त चोर आणि अज्ञान. 'काकू, थोडा अंधार देता का?' असं विचारणारा यांपैकी एक नक्की ठरणार!

म्हणून आधी वाचन केलं. अमेरिकेतल्या फ्लॅगस्टाफ गावाने १९५८ सालीच जाहिरातींच्या सर्चलाइटना बंदी केली, कारण तिथल्या वेधशाळेला तारे दिसेनात. आपल्या पेंच व्याघ्रप्रकल्पाला २०२४ साली भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान मिळाला. त्यासाठी भोवतालच्या गावांतले शंभरावर दिवे बदलून त्यांची तोंडं जमिनीकडे वळवली. म्हणजे दिवे विझवा असं कुणीच म्हणत नाही. वरून झाका, खाली वळवा, गरज संपली की मालवा, एवढंच.

ही विद्वत्ता घेऊन काकूंकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "हे गेल्यापासून रात्री खुट्ट झालं तरी जीव दचकतो रे. दिवा असला की कुणीतरी जागं आहे असं वाटतं."

फ्लॅगस्टाफ चहाबरोबर गिळलं. माझी झोप मोठी की त्यांची भीती? शिवाय कुणीतरी जागं असतं, हे खरंच होतं. मी असायचो!

शेवटी वायरमनला बोलावला. त्याने फोकस खाली वळवला आणि वर पत्र्याची टोपी बसवली. काकूंची पायरी, फाटक, फाटकाची कडी लख्ख दिसू लागली. "अगोबाई, आधी इथे एवढं दिसत नव्हतं!" काकू म्हणाल्या. कसं दिसणार? आजवर तो माझ्या कॅलेंडरावर पहारा देत होता.

त्या रात्री विजयी मुद्रेने गच्चीवर गेलो. मृग तर होताच, डोळे बारीक केल्यावर कृत्तिकांचा पुंजकाही दिसला. तेवढ्यात मागच्या घराची खिडकी उघडली.

"काका, तुमच्या जिन्यावरचा दिवा जरा घालवता का? बाळ झोपत नाहीये. रोजचंच आहे, पण सांगायचं कसं म्हणून..."

'अगं, तुम्हालाही उजेड व्हावा म्हणूनच ठेवतो,' हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. कारण इतकी वर्षं मी तो परोपकारच समजत होतो. वाक्य गिळलं, दिवा घालवला आणि सकाळी वायरमनला आणखी एक टोपी सांगितली.