दोन्हीकडचं भाडं

आमचं गाव बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईच्या बाजूला, बालाघाटाच्या माळावर. पौषात तूर निघाली की आण्णा पोती टेम्पोत घालून लातूरला आडतीवर न्यायचे. रात्री परत आले की पट्टी माझ्या हातात द्यायचे, "वाच रं." आडत, हमाली, तोलाई, भाडं. सगळं वजा जाऊन उरेल ते आमचं. भाव पटला नाही तरी माल परत आणायची सोय नव्हती. पुन्हा भाडं कोण भरणार? आणि दुकानदाराची उधारी थांबत नव्हती.

आषाढात तीच तूर डाळ होऊन गावच्या दुकानात यायची. येतानाचं भाडंही आमच्याच माथी. लातुरात डाळमिली, म्हणून तिथं व्यापारी. व्यापारी, म्हणून बँका आणि हमालांना काम. हे सगळं तिथं, म्हणून नवी मिलही तिथंच निघायची. आमच्या माळावर कोण कशाला येईल? यात कुणा एकाची लबाडी नव्हती. लबाडी असती तर भांडता तरी आलं असतं.

मालामागं माणसंही जायची. दिवाळी झाली की चुलता-चुलती मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. पाणी तिकडं, कारखाना तिकडं, हात तेवढे आमच्याकडचे.

मी शिकलो आणि पुण्याला नोकरीला लागलो. आण्णांना म्हणालो, "दर महिन्याला पैसे पाठवतो की."

ते म्हणाले, "पैसे येतेत रं. पर वीस वर्षं इथल्या भाकरीवर वाढलास. तूर गेली तर पट्टी तरी येती. तुझी पट्टी कोण देणार?"

तेव्हा राग आला होता. गेलो यात माझा काय गुन्हा? आजही गुन्हा वाटत नाही. पण पुण्यात डाळ स्वस्त झाली की घरात सगळ्यांना बरं वाटतं, मलाही वाटतं, आणि मग तो प्रश्न आठवतो. दोष नसला म्हणून देणं फिटत नाही, एवढं आता कळतं.

गेल्या वर्षी माझ्या वाट्याची जमीन गावात राहिलेल्या धाकट्याच्या नावावर केली. लोक म्हणाले, मोठी दानत. दान कसलं? जुन्या उधारीतला एक हप्ता होता तो.