वाचलेली माती

दिवाळीला आठ दिवस असताना आमच्या घरात एका फरशीवरून वाद झाला. माझा भाचा कामानिमित्त भावनगरला गेला होता. येताना अलंगच्या रस्त्यावरील जुन्या सामानाच्या दुकानातून त्याने चिनी मातीची एक फरशी आणली. वीतभर लांबरुंद, गडद निळी झिलई आणि तीवर तीन पांढरे मासे. कुठल्याशा प्रवासी बोटीच्या भिंतीवरची. बोटीचे नाव दुकानदारालाही ठाऊक नव्हते. फरशीच्या पाठीला सिमेंटचा थर तसाच होता आणि एका कोपऱ्यावर छिन्नीचा घाव.

"मामा, पाठ घासून स्वच्छ करतो आणि तुळशीवृंदावनाला बसवून टाकू," भाचा उत्साहाने म्हणाला.

"कुणाच्या मोडल्या घरातली वस्तू ती! तुळशीला नको," आई म्हणाली.

"आज्जी, मोडलेली कुठली? मी वाचवली तिला!"

'वाचवली' हा शब्द मात्र माझ्या मनात घर करून राहिला. आपण वस्तू वाचवतो म्हणजे नेमके काय करतो?

'आंद्रेआ दोरिया' ही इटलीची देखणी बोट 1956 च्या जुलैत अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ धुक्यात दुसऱ्या बोटीवर आदळून बुडाली. दोन्ही बोटींवरची मिळून पन्नासाच्या आसपास माणसे गेली. तिच्यावर ग्विदो गाम्बोने या मृत्तिकाशिल्पीने घडविलेली मोठी भित्तिशिल्पे होती. 1993 मध्ये पाणबुड्यांनी त्यांतली दोन वर काढली. सदतीस वर्षे खाऱ्या पाण्यात राहूनही ती टिकली होती. पोलाद गंजते, लाकूड कुजते. भट्टीतून निघालेली माती मात्र सहसा हार मानत नाही. हे वाचताना आनंद होतो. पण त्याच बोटीपाशी बुडी मारताना आजवर डझनाहून अधिक पाणबुड्यांनी प्राण गमावले आहेत, हे कळले की तो आनंद जरा खाली बसतो. त्यांतले कित्येक जण तिथल्या कपबशांच्या मोहाने उतरत असत.

अलंगची गोष्ट याहून निराळी. तिथे बोट बुडत नाही. ती स्वतःच मरायला येते. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचे अंतर फार मोठे. भरतीच्या पाण्यावर बोट वेगाने चिखलात घुसवायची आणि ओहोटीला उघडी पडली की कापायची, असा हा धंदा 1983 पासून चालू आहे. 1962 मध्ये पहिल्या सफरीवर निघालेली 'फ्रान्स' ही जगप्रसिद्ध बोटसुद्धा 2006 मध्ये इथेच येऊन टेकली. कापणारे हात ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेले. जुन्या बोटींत उष्णतेपासून बचावासाठी ॲस्बेस्टॉस भरलेले असे. त्याची धूळ छातीत बसते आणि रोग वीस-तीस वर्षांनी डोके वर काढतो. आमच्या फरशीवरचा घाव असल्याच एखाद्या हाताचा. फरशी वाचली. तो माणूस वाचला का?

हे मी बोलून दाखवले तेव्हा भाच्याने रोखठोक विचारले, "मी घेतली नसती तर हिचा चुरा झाला असता. त्यानं त्याचं काय भलं झालं असतं?"

प्रश्न बिनतोड होता. उत्तर सुचेना, म्हणून मी उठलो आणि टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात गेलो. तिथे आपल्या कोल्हापूरचा समुद्रदेव आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेली पोसायडनची ती चिमुकली कांस्यमूर्ती. सातवाहनांच्या काळात रोमन जगाशी चाललेल्या व्यापारातून ती समुद्र ओलांडून किनाऱ्याला लागली आणि पुढे आपल्या करवीरात पोहोचली. तिला कोणी घडवले, कोणत्या गलबताने आणले, कोणाच्या खांद्यावरून ती डोंगर चढून आली, ती नावे आता कायमची गेली आहेत. काचेपुढे उभा असताना मला जाणवले की, वस्तू आपल्या जागेवरून हलली यात पाप नाही. हजारो वर्षे वस्तू अशाच हलत आल्या आहेत. चुकते ते पुढे. ती आपल्या हाती येईपर्यंत ज्यांनी कष्ट सोसले, त्यांना आपण वस्तूबरोबरच पुसून टाकतो. त्या हमालांचे नाव आता सांगता येणार नाही. छिन्नीचा घाव मात्र अजून आपल्या हातात आहे.

परत येताना कुंभार गल्लीतून पणत्या घेतल्या. कुंभाराच्या अंगठ्याचा ठसा एकीवर स्पष्ट उमटला होता. पणतीला कोणी वाचवत नाही. दिवाळी सरली की ती फुटते, मातीला मिळते. पुढच्या वर्षी कुंभार नवी करतो आणि त्याची चूल पेटते. सगळीच माती टिकलेली चांगली असेही नाही.

घरी आल्यावर भाच्याला म्हणालो, "फरशी तू आणलीस ते चांगलंच केलंस. पण पाठ घासू नकोस. ते सिमेंट आणि तो घाव काढलास, तर ती दुकानातून आणलेली शोभेची वस्तू होईल."

"आणि त्या माणसाला काय मिळालं, मामा?"

"काही नाही," मी म्हणालो. "निदान त्याला काही मिळालं नाही हे आपण विसरणार नाही."

हे उत्तर अपुरे आहे, हे त्यालाही कळले आणि मलाही. फरशी आता सोप्यातल्या कोनाड्यात, भिंतीला न चिकटवता, उभी आहे. येणारे-जाणारे मासे पाहतात. कोणी उचलून पाठ पाहिली, तर भाचा अलंगची हकीकत सांगतो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आईने तुळशीपाशी पणती लावली, आणि मग कोणाला काही न बोलता दुसरी त्या कोनाड्यात नेऊन ठेवली.