तिचाही जीव

लग्नाला सात-आठ वर्षे झालेले एखादे जोडपे मिस्सानंतर चर्चच्या पडवीत रेंगाळते, तेव्हा कारण विचारावे लागत नाही. "फादर, प्रार्थना करा," एवढेच सासूबाई बोलतात. मी होणाऱ्या बाळासाठी प्रार्थना करतो. सुनेला मात्र मी कधी विचारले नाही, "बाळ, उपचार चालू आहेत, तुझी प्रकृती कशी आहे?" अशाच एका सुनेचा पाय सुजून ठणकत होता आणि उपचार थांबतील या भीतीने तिने तो चार दिवस लपवला, हे मला मागाहून कळले. माझी प्रार्थना अपुरी होती.

एका वेळी अनेक स्त्रीबीजे तयार व्हावीत म्हणून स्त्रीला संप्रेरकांची इंजेक्शने देतात. त्यामुळे शरीरातील इस्ट्रोजेन खूप वाढते व रक्त गोठण्याकडे झुकते. काहींचे बीजकोश अतिउत्तेजित होतात. रक्तवाहिन्यांतील द्रव पोटात झिरपतो आणि रक्त दाट होते. मग पायाच्या, मानेच्या वा हाताच्या नीलेत गुठळी धरते. ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. स्वीडनमधील १९९० ते २००८ या काळातील गर्भारपणांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. नैसर्गिक गर्भधारणेत हजारी २.५ स्त्रियांना, तर टेस्ट ट्यूब पद्धतीच्या गर्भधारणेत हजारी ४.२ स्त्रियांना गुठळी झाली होती. पहिल्या तिमाहीत धोका सुमारे चौपट होता.

हजारात चार म्हणजे थोडेच, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु धोका लहान म्हणून तो सांगण्याचे कर्तव्य लहान होत नाही. दोष पतीमध्ये असला तरी सुया पत्नीलाच टोचल्या जातात. "ती स्वखुशीने तयार झाली," असे आपण म्हणतो. ज्या घरात मूल नसलेल्या सुनेला बाप्तिस्म्याच्या समारंभात मागे उभे करतात, त्या घरात तिचा होकार कितपत मोकळा असतो?

देहाबाहेरील गर्भधारणेविषयी ख्रिस्तसभेची भूमिका १९८७ च्या 'दोनुम वीते' या पत्रात स्पष्ट आहे. ती सांगणे माझे काम आहे. पण ती सांगून दार लावून घेतले, तर दारापलीकडे वेदना सोसणारी स्त्री एकटी पडते. जीवनाचा आदर उदरातील जीवापाशी सुरू होतो, तसा तो उदर वाहणाऱ्या जीवालाही लागू आहे.

म्हणून घरच्यांना सांगणे आहे. तिला किंवा तिच्या माहेरी कोणाला पूर्वी गुठळी झाली असेल, तर उपचारांआधीच डॉक्टरांना सांगा. धोका अधिक असल्यास रक्त गोठू न देणारी इंजेक्शने देता येतात. एकाच पायाला सूज, मानेला वा हाताला सूज, अचानक धाप, छातीत कळ, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका.

जुन्या करारातील हन्ना अपत्यासाठी रडत होती. शमुवेल पुढे जन्मला. पण त्याआधी तिच्या पतीच्या, एलकानाच्या, लक्षात आले होते की ती जेवत नाही. आता पडवीत कोणी थांबले की मी प्रथम सुनेची विचारपूस करतो, आणि मग प्रार्थना करतो, दोघांच्याही जिवासाठी.