नाकाची वर्दी

मोगऱ्याच्या गजऱ्यातून निघालेला रेणू मेंदूपर्यंत कधीच पोहोचत नाही. नाकाच्या छतापाशी काही चौरस सेंटिमीटरचा ओलसर पापुद्रा असतो, तिथेच त्याचा प्रवास संपतो. पुढे जाते ती निव्वळ वीज, आणि विजेला सुगंध नसतो.

वैशेषिक दर्शनाने गंध हा पृथ्वीचा खास गुण मानला. वास वस्तूत असतो आणि नाक तो फक्त टिपते, असे आपणही रोजच्या व्यवहारात धरून चालतो. पण वासपेशीच्या आतला कारभार पाहिला की ही खात्री डळमळते.

या पेशीच्या टोकाला केसाहून बारीक तंतू असतात आणि त्यांवर ग्राही प्रथिने. रेणू त्यांत क्षणभर अडकतो. त्याचे काम तेवढेच. ग्राही आतल्या जी-प्रथिनाला चेतवते, ते एका विकराला जागे करते आणि ते विकर चक्रीय एएमपीचे रेणू भराभर बनवू लागते. त्यांच्यामुळे पटलातल्या वाहिन्या उघडतात. सोडियम आणि कॅल्शियमचे धन आयन आत शिरतात. आत आलेले कॅल्शियम आणखी काही वाहिन्या उघडते, त्यांतून क्लोराइडचे ऋण आयन बाहेर पडतात. धन आत, ऋण बाहेर. पेशीचा मूळचा ऋण विद्युतदाब असा दोन्हीकडून घटत जातो, आणि त्याने ठरावीक उंबरठा ओलांडला की कवटीच्या हाडातल्या बारीक छिद्रांतून मेंदूकडे वर्दी जाते.

वर्दी मोगऱ्याची असो वा गटाराची, तिची वीज एकाच जातीची. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये ग्राहींच्या जनुकांचे मोठे कुटुंब शोधले. त्याबद्दल त्यांना २००४ चे नोबेल मिळाले. माणसात असे सुमारे ४०० प्रकारचे ग्राही कार्यरत असतात आणि साधारणपणे एका पेशीत एकच प्रकार असतो. एक रेणू अनेक ग्राहींना कमीअधिक चेतवतो. त्यामुळे वर्दीत काय आहे यापेक्षा ती कोणाकोणाकडून आली, यावरून मेंदू वास ठरवतो. म्हणूनच मोगऱ्यातले इंडोल अल्प मात्रेत फुलाला खुलवते आणि तेच दाट झाले की विष्ठेची आठवण करून देते. रेणू तोच, वर्दी देणारे बदलले.

वर्दीला आणखी एक मर्यादा आहे. आत आलेले कॅल्शियमच थोड्या वेळाने वाहिन्यांची संवेदनशीलता घटवते. वास तसाच दरवळत असतो, पेशी मात्र गप्प होऊ लागते. ती बदल कळवते, स्थिती नव्हे. कचरा डेपोशेजारच्या वस्तीबद्दल ‘त्यांना सवय झाली आहे’ असे म्हणणारे नेमके इथेच चुकतात. सवय नाकाला होते. फुप्फुसांना तशी सूट नसते.

हायड्रोजन सल्फाइडच्या बाबतीत तर ही चूक जीव घेते. कुजक्या अंड्यासारखा हा वास अगदी थोड्या मात्रेतही जाणवतो, पण मात्रा फार वाढली की वासाची जाणीवच बधिर होते. मॅनहोलमध्ये उतरलेल्याला वाटते, वायू गेला. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरीही असे मृत्यू होतच राहतात. ‘वास तर येत नाही’ एवढ्यावर कोणाला आत सोडणे म्हणजे वर्दी आली नाही म्हणून गुन्हाच घडला नाही, असे मानणे.