कंदमाशीचा फोटो

आमच्या रहिमतपूर भागात आल्याच्या रानात उभं राहून कंदमाशीचं कौतुक करणारा माणूस डोक्यानं अधूच असला पाहिजे. मी ते कौतुक केलं आहे, आणि तेही थोरल्या भावासमोर, ज्याचं दीड एकर आलं त्या साली कुजीनं निम्मं गेलं होतं.

नोकरी संपवून गावी आलो तेव्हा सोबत एक कॅमेरा होता आणि जुन्या, रिळाच्या कॅमेऱ्याची ५० मिलिमीटरची लेन्स होती. तोवर माझे फोटो म्हणजे लग्न, जत्रा, नाहीतर स्टेशनात शिरणारी गाडी. कुणीतरी सांगितलं, हीच लेन्स पालथी करून लावा, बारकं जग मोठं दिसतं. खरं वाटेना. लेन्स पालथी बसवायला एक साधी कडी मिळते, रिव्हर्स रिंग म्हणतात तिला. ती मागवली. पालथी लेन्स लावली की कॅमेऱ्याचं आणि तिचं बोलणं तुटतं. उजेडाचं छिद्र आपल्या हातानं लहानमोठं करायचं. फोकससाठी लेन्स फिरवून काही होत नाही, आपणच श्वास धरून केसभर पुढंमागं व्हायचं. एवढं करून स्पष्ट दिसतो तो पट्टा एखाद्या मिलिमीटरचा. मुंगळ्याचा डोळा धरावा तर पाय धुक्यात जातात. पहिले पंधरा दिवस मी नुसतं धुकंच काढलं.

मग जे सापडेल ते. हळदीच्या पानावरचं दव, गुळाचा खडा, म्हशीच्या कानातला गोचीड. एकदा फोडणीतली मोहरी काढायला चुलीपाशी बसलो, तर वहिनी म्हणाल्या, "भावजी, त्याल उडंल त्या काचंवर. मग आमाला बोल लावू नगा."

भाद्रपदात कासच्या पठारावर गेलो. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारशात गेला, त्यात हे पठारही आहे, त्यामुळं माणसांची रीघ. सगळे उभ्यानं फुलांच्या गालिच्याचे फोटो घेत होते. मला हवा होता दवबिंदू, ही बोटभर उंचीची कीटक खाणारी वनस्पती. तिच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब असतात आणि त्यात चिलटं अडकून मरतात. तिच्याकडं बघायचं तर जमिनीवर आडवं व्हावं लागतं. झालो. फोटो बरा आला. उठताना पाहिलं, तर कोपराखाली तसेच दोन दवबिंदू आणि सीतेची आसवं चिखलात दबून गेली होती. पँट झटकली आणि पुढं चालू लागलो. तेव्हा मनाला फारसं काही लागलं नाही, हे कबूल करतो.

मला खरं लागलं ते कंदमाशीनं. ही माशी डासासारखी दिसते, पण चांगली मोठी. काळसर अंग, काटक्यांसारखे लांब पाय, पारदर्शक पंखांवर गडद डाग. पानावर बसली की पुढचे पाय हवेत हलवत राहते, एखादी म्हातारी काहीतरी आठवून हातवारे करते तशी. तिच्या अळ्या कंदात सापडतात, कंद कुजतो, वर पान पिवळं पडतं. कूज आधी आणि माशी मागून, की माशीच कूज आणते, यावर शास्त्रज्ञांतही दोन मतं आहेत. दादाचं मत मात्र एकच आहे.

तिचा सगळा देह एका फोटोत स्पष्ट आणायचा तर फोकस स्टॅकिंग करावं लागतं. म्हणजे फोकस कणाकणानं सरकवत दहावीस फोटो घ्यायचे आणि कॉम्प्युटरवर एकावर एक बसवायचे. तेवढा वेळ माशीनं हलायचं नाही. ती हलणारच. एका जाणकारानं उपाय सांगितला, दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. कीटकाचं अंग बाहेरच्या हवेवर चालतं, गारठलं की तो थबकतो, ऊब आली की उडून जातो.

प्लॅस्टिकच्या डबीत माशी धरली आणि घाई म्हणून बर्फाच्या कप्प्यात ठेवली. तेवढ्यात फोन आला. जमिनीच्या मोजणीचा विषय, लांबला. पाऊण तासानं वहिनींची हाक आली, "भावजी, ह्या डबीत काय हाय वो? दुधाशेजारी माशी?" माशी मेली होती. मी तिला आल्याच्या पानावर ठेवलं, सुईनं पुढचे दोन पाय उचलून दिले आणि बावीस फोटो घेतले. असा फोटो मला आधी जमला नव्हता, नंतरही नाही. डोळ्याची एकेक जाळी मोजून घ्यावी असा.

तो एका प्रदर्शनात लागला. लोकांनी विचारलं, इतकी स्तब्ध कशी बसली? मी म्हणालो, "पहाटे गेलो होतो. पहाटे गारव्यात बसून असतात." ही गोष्ट खरीच आहे, म्हणून तर जिभेवर चटकन आली.

घरी आल्यावर मनाशी हिशेब मांडला. दादा एका फवारणीत किती माश्या मारतो? माझी एक. खाणाऱ्याला पाप नाही, मग बघणाऱ्याला कसलं? हा युक्तिवाद मला बरेच दिवस पुरला. पण त्यात गोम आहे. दादाची गरज दादाची आहे, ती मी माझ्या हौसेला दाखला म्हणून जोडत होतो. सातबारा त्याचा आणि कर्ज मी उचलायचं, तसलं.

दुसरा आधार शोधला तो विद्येचा. रॉबर्ट हूक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं १६६५ साली सूक्ष्मदर्शकातून दिसलेल्या गोष्टींच्या चित्रांचं एक पुस्तक काढलं. त्यात मुंगीचं चित्र आहे. मुंगी त्यालाही स्वस्थ बसू देईना. पाय चिकटवले तर अंग पिळते, मारली तर आक्रसते. शेवटी त्यानं तिला ब्रँडी पाजून पाडलं. तासाभरानं ती शुद्धीवर आली आणि पळाली. हे सगळं हूकनं पुस्तकातच लिहून ठेवलंय. कीटकशास्त्राच्या पेटीत टाचलेल्या किड्याखालीही चिठ्ठी असते, कुठं, कधी, कुणी धरला. तो किडा मेलेला आहे आणि मेलेलाच म्हणून समोर येतो. माझी माशी मेलेली होती आणि जिवंत म्हणून भिंतीवर लागली होती.

हे मला कळलं ते मात्र पुतण्यामुळं. आठवीतलं पोरगं. चार दिवस पहाटे उठून मोबाइल घेऊन रानात जात होतं. पाचव्या दिवशी आला. म्हणाला, "काका, माशी बसती खरी, पण जवळ गेलं की उडती. तुमाला कशी काय गावली?"

त्याला सांगितलं. फ्रिज, डबी, सुई, सगळं.

"मंजी मेल्याली हुती?"

"होय."

"मग तसं लिवायचं की खाली."

त्यानंतर फोटो उतरवून आणला. खाली लिहून परत लावताही आला असता, पण तेवढं धाडस झालं नाही.

दादाच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. अंड्यालाही शिवत नाही, आणि श्रावणापासून पाठीवर पंप असतो. मी एकदा विचारलं, हे तुझं तुला कसं जुळतं? बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "न्हाई जुळत. पर मी झाकून न्हाई मारत. औषधाचा वास पार रस्त्यापातूर जातो, समदी बघत्यात." त्याचं सगळंच मला पटतं असं नाही. त्या वासानं मधमाश्याही मरतात, हे त्यालाही माहीत आहे.

माशीला इतक्या जवळून पाहिल्यावर तिच्याविषयी माया वाटू लागली का? थोडीफार. दादाचं आलं वाचावं ही इच्छा मात्र तसूभर कमी झाली नाही. दोन्ही एकाच पोटात राहतात.

पुढच्या पहाटे पुतण्या आणि मी दोघं गेलो. कमंडलूवरून गार वारं येत होतं. गुडघ्यावर बसलो, कोपर कुठं टेकतंय ते आधी पाहून घेतलं. पानाच्या सावलीत एक माशी होती. अकरा फोटो झाले आणि तिनं पाय हलवला. त्यातले दोनच एकमेकांवर बसण्याजोगे, आणि त्यातही पंखाचं टोक धूसर. पोरगं कुजबुजलं, "आणि एकदा."

मागं चिखलात पावलं वाजली. दादा पंप घेऊन उभा.

"झालं का न्हाई तुमचं?"

"पाच मिनिटं थांब."

पंप बांधावर उतरवून तो टेकला. पुतण्यानं कॅमेऱ्याचा पडदा त्याच्यापुढं धरला. दादानं डोळे बारीक करून पाहिलं.

"हिचं पाय लईच बारीक हायत की," म्हणाला.

मग उठला, पट्टे खांद्यावर घेतले. "सरका आता. वारं वाढायच्या आत मारून घ्यायला पायजे."