शेजार

कर्वेनगरातल्या एका मंडळाने गणपतीसमोर अंतराळयान उभं करायचं ठरवलं. शुभांशू शुक्ला अंतराळ स्थानकात राहून आल्यापासून पोरांच्या डोक्यात तेच होतं. लहान मुलांनी यानात शिरावं, आत बसावं आणि गोल खिडकीतून बाप्पाचं दर्शन घ्यावं, असा देखावा. काम अर्थातच अण्णांकडे. अण्णांचा मांडव कधी पडला नाही, कधी जळला नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कारण अण्णा ते सगळ्यांना सांगत.

लाकडी सांगाडा, त्यावर फोम, फोमवर रुपेरी कापड आणि चिकटवायला सोल्युशन. कापड अग्निरोधक असल्याचं प्रमाणपत्र अण्णांनी बैठकीत फिरवलं. कुणाला शंका नको म्हणून एक तुकडा टेबलावर पसरून त्याला वरून लायटर लावला. काळा डाग पडला आणि ज्योत विझली. टाळ्या पडल्या.

कमिन्स महिला अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी मंडळात होती. ती म्हणाली, "अण्णा, तुकडा उभा टांगून खालून पेटवू या का?"

"त्याने काय फरक पडतो गं?"

"आग वर चढते. आडव्या कापडावर तिला चढायला वाटच मिळत नाही. नासाच्या चाचणीत ३० सेंटिमीटरचा तुकडा उभा धरून खालून पेटवतात. १५ सेंटिमीटरच्या आत आपोआप विझला तर पास. जळता थेंब पडून खालचा कागद पेटला, तर नापास."

तुकडा टांगला. आग चार बोटं चढली आणि विझली. अण्णा हसले. "झालं समाधान?"

"कापडाचं झालं. पण आपण नुसतं कापड कुठे लावतोय? फोम, सोल्युशन, कापड, जसं लावणार तसंच चिकटवून बघू."

आता अण्णा चिडले. "अगं, कापड चांगलं, फोम चांगला, सोल्युशन चांगलं. चांगल्यात चांगलं घातल्यावर वाईट कसं होईल?"

तेव्हा तिने अपोलो १ ची हकिगत सांगितली. २७ जानेवारी १९६७. गस ग्रिसम, एड व्हाइट आणि रॉजर चॅफी हे तीन अंतराळवीर केप केनेडीच्या तळावर यानात बसले होते. उड्डाण नव्हतं, नुसती रंगीत तालीम होती. खालच्या रॉकेटमध्ये इंधन भरलेलंच नव्हतं, म्हणून ती चाचणी धोक्याची मानलीही गेली नव्हती. यानात मात्र शुद्ध प्राणवायू होता, तोही बाहेरच्या हवेपेक्षा जास्त दाबाने. सामान अडकवायला जागोजाग व्हेल्क्रो आणि नायलॉनच्या जाळ्या होत्या. साध्या हवेत बेताने जळणाऱ्या या वस्तू तिथे भडकल्या. दार आतल्या बाजूला उघडणारं. आतला दाब वाढला आणि ते उघडेना. तिघेही गेले.

"व्हेल्क्रो वाईट होता का, अण्णा? आणि प्राणवायूशिवाय तर आपण जगतच नाही. पण दोघं एकत्र आल्यावर काय होईल, हे कुणी नीट जाळून पाहिलं नव्हतं. मग नियम कडक झाले. वस्तू जिथे वापरायची तिथल्याच हवेत आणि तेवढ्याच जाडीची तपासायची. जमिनीवर असताना यानात प्राणवायूबरोबर नायट्रोजन भरू लागले, दार झटकन बाहेर उघडेल असं केलं, पोशाखाला काचतंतूंचं कापड आलं."

अण्णा काही बोलले नाहीत. उठले, स्वतःच्या हाताने तिन्ही थर चिकटवले, वाळवले आणि मैदानात वाळूची बादली शेजारी ठेवून तुकडा टांगला. खालून काडी लावली. बघता बघता आग टोकाला पोचली, काळा धूर झाला आणि गळालेल्या जळत्या थेंबाने खालचं वर्तमानपत्र पेटलं. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत.

"ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला," अण्णा वाळू टाकत पुटपुटले. मग त्यांनी विचारलं, "आणखी काय बघतात तुझे नासावाले?"

"वास. यानाची खिडकी उघडता येत नाही. म्हणून वस्तू बंद भांड्यात ५० अंश तापमानाला ७२ तास ठेवतात आणि आतल्या हवेत काय उतरलं ते तपासतात. माणसांना हुंगायलाही लावतात."

अण्णांनी उरलेला तुकडा घट्ट झाकणाच्या डब्यात घालून गच्चीवर उन्हात ठेवला. तीन दिवसांनी झाकण काढलं, तर डोळ्यांना पाणी आलं. याच वासात पोरं बसणार होती.

फोम गेला, सोल्युशनही गेलं. कापड लाकडी पट्ट्यांवर ताणून खिळ्यांनी ठोकलं आणि यानाला समोरासमोर दोन उघडी दारं ठेवली. यान जरा पोचे पडल्यासारखं दिसत होतं. पलीकडच्या मंडळाची पोरं हसली. अण्णांनी लक्ष दिलं नाही.

शेवटी लाइटिंगवाला आला. "अण्णा, वायर आयएसआय मार्कची आहे, बोर्डही तसलाच. बघायचं काही नाही."

"दोन्ही जोड," अण्णा खुर्ची ओढत म्हणाले, "सगळे दिवे लाव, कापडाशेजारी आण आणि दोन तास चालू ठेव. मी इथेच बसलोय."

तात्पर्य : वस्तू एकटी चांगली असून भागत नाही, जिच्या शेजारी तिला राहायचं, तिच्यासोबतच तिची पारख करावी.