भांडवल, निवड आणि मावळा

कोणता चित्रपट निघावा हे दिग्दर्शक ठरवितो, ही समजूत समीक्षेने फार काळ निरागसपणे जपली आहे. या निर्णयाची मुळे कधी कधी कॅमेऱ्याच्याही आधीच्या व्यवहारात असतात. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९९ मध्ये मुंबईहून लोणावळ्याजवळच्या मळवलीस आला आणि तेथे छापलेली लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रे घरोघरच्या भिंतींवर गेली. दादासाहेब फाळके यांनी या छापखान्यासाठी काम केले. पुढे लोणावळ्यातच स्वतःचा छपाईचा व्यवसायही थाटला. देवतांच्या प्रतिमेला गिऱ्हाईक असते, हे त्यांना चित्रपटाआधीच ठाऊक होते.

१९१२ मध्ये विम्याची पॉलिसी तारण ठेवून ते लंडनला गेले. परतल्यावर भांडवलासाठी दाखविलेला नमुना मात्र पौराणिक नव्हता: कुंडीतल्या वाटाण्याची वाढ, थोडीथोडी करून टिपलेली. पैसेवाल्याला यंत्राची शक्ती पटली ती या अंकुरामुळे; पैसा लागला तो 'राजा हरिश्चंद्र'ला (१९१३). सत्यापायी पत्नीला विकणाऱ्या राजाचा चित्रपट सरस्वतीबाईंच्या दागिन्यांच्या आधाराने उभा राहावा, हा योगायोग हसून सोडून देण्याजोगा नाही.

फाळक्यांची श्रद्धा दिखाऊ होती, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. परंतु श्रद्धा आणि खप यांची दिशा एकच असली, म्हणजे आपली निवड स्वतंत्र होती की नाही हे खुद्द कर्त्यालाही कळण्याचा मार्ग उरत नाही. नैतिक पेच आहे तो येथे. निघालेल्या चित्रपटांत त्याचा उलगडा होत नाही; न निघालेल्यांकडे पाहावे लागते.

बाबूराव पेंटर यांच्या 'सिंहगड'मध्ये (१९२३) तानाजीचे मावळे पडद्यावर लढले. त्याच सुमारास (१९२१–२४) मुळशी पेट्यातले हाडामांसाचे मावळे टाटांच्या धरणाखाली जमिनी जाऊ नयेत म्हणून सेनापती बापटांसह सत्याग्रह करीत होते. हा मावळा त्या काळच्या कथापटाचा नायक झाला नाही. सेन्सॉरचा धाक होताच. पण सारा दोष त्याच्यावर ढकलणे फार सोयीचे आहे. कारण शेतकऱ्याची जमीन जाणे हा विषय पडद्याला वर्ज्य नव्हता. पेंटर यांनीच १९२५ मध्ये 'सावकारी पाश' काढला आणि जमीन गमावून शहराची वाट धरणारा शेतकरी उभा केला. तेथे खलनायक म्हणून गावचा सावकार चालला. धरण बांधणारे भांडवल त्या जागी बसविण्याइतका पैसा कोणाकडे होता, आणि तो त्याने कोठून आणला असता?